मधली वाट

वाहन चालवायला लागून मला चाळीस वर्षे झाली. सांगली-कोल्हापूर रस्ता, आंबा घाट, फोंडा घाट, पुण्या-मुंबईचा द्रुतगती मार्ग या सर्व ठिकाणी मी गाडी चालविली आहे. त्यामुळे वाहन चालविणे ही विद्या आपल्याला आली, असा एक शांत अहंकार मनात घर करून होता. गेल्या जून महिन्यात जर्मनीतील महामार्गावर पहिल्यांदा चाकामागे बसलो, आणि तो अहंकार पहिल्या दहा मिनिटांतच गळून पडला. नंतर जे घडले त्याने त्याहूनही जुनी एक गोष्ट वर आली. ती सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो.

आम्ही उभयता मुलीकडे फ्रँकफर्टजवळ गेलो होतो. मी केवळ खुर्चीत बसून फिरणार होतो. परंतु जावयांच्या सांगण्यावरून निघण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवला होता. एक वर्ष मुदतीची ती छोटी पुस्तिका आपल्या मूळ परवान्याशिवाय निरुपयोगी असते. दोन्ही जवळ बाळगावे लागतात. पुढचा बेत असा होता की, जावई कामासाठी आधीच स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला लुगानोला जातील आणि आठवड्याने मुलगी आम्हांला व नातीला घेऊन मोटारीने तिथे पोहोचेल. डोंगरावरचे एक घर आठवडाभरासाठी घेतले होते. निघण्याच्या पाच दिवस आधी मुलगी जिन्यावरून घसरली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले.

"बाबा, बेत रद्द करू या," ती म्हणाली. मी म्हणालो, "गाडी मी चालवितो." सौ.ने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन करण्याची गरज नाही.

जावयांनी विमा कंपनीला कळवून चालक म्हणून माझे नाव नोंदवून घेतले आणि रविवारी सकाळी माझी शाळा सुरू झाली. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. म्हणून एका मोठ्या दुकानासमोरचे रिकामे वाहनतळ आम्हांला सापडले. तिथे मी चाळीस वर्षांची विद्या उलटी करून शिकू लागलो. चाक डावीकडे, गियर उजव्या हाताला. डावा हात सवयीने गियर शोधायला जाई आणि दारावर आपटे. वळण्याची खूण द्यायला गेलो की काचेवरचे वायपर कोरड्या हवेत फिरू लागत, कारण आपल्या गाडीत उजव्या हाताशी असणारी ती दांडी इथे डाव्या हाताला होती. नात मागच्या आसनावरून टाळ्या वाजवीत म्हणाली, "आजोबा, पाऊस नाही पडत!"

हाताची सवय दोन दिवसांत बदलली. डोळ्यांची बदलायला वेळ लागला. रस्ता ओलांडताना आपण आधी उजवीकडे पाहतो. इथे गाडी डावीकडून येते. गल्लीबोळांत जिथे कोणतीही पाटी नसते, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला. मग ती गाडी कितीही छोटी असो आणि तिची गल्ली कितीही अरुंद असो. पिवळ्या चौकटीची, टोकावर उभी केलेली पाटी दिसली की आपला रस्ता प्राधान्याचा. वर्तुळाकार चौकात आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचे. मुलगी शेजारी बसून हे सर्व सांगत होती. तिला सायकल मी शिकविली होती. आता प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ती मला शिकवीत होती, आणि तिचा आवाज तेव्हाच्या माझ्या आवाजाहून पुष्कळ सौम्य होता.

गुरुवारी पहाटे सौ.ने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही बांधून घेतले आणि आम्ही निघालो. फ्रँकफर्टहून 'ए ५' हा महामार्ग सरळ दक्षिणेकडे, स्वित्झर्लंडच्या सीमेवरील बाझलपर्यंत जातो. तिथून पुढे आल्प्स ओलांडून लुगानो. एकूण प्रवास सुमारे सहाशे किलोमीटरचा. मध्ये लुत्सेर्नला एक मुक्काम.

जर्मनीच्या महामार्गांविषयी आपल्याकडे एकच गोष्ट प्रसिद्ध आहे, ती म्हणजे तिथे वेगाला बंधन नाही. हे अर्धसत्य आहे. कित्येक ठिकाणी बंधन असते आणि ते काटेकोर असते. जिथे नसते तिथेही ताशी १३० किलोमीटर हा वेग पाळावा अशी शिफारस असते. ताशी १३० म्हणजे एका सेकंदाला ३६ मीटर. डोळ्याची पापणी लवेपर्यंत गाडी कितीतरी पुढे गेलेली असते. म्हणून तिथे शिकविला जाणारा एक सोपा हिशेब मुलीने मला पाठ करायला लावला: ताशी वेगाचा जो आकडा असेल त्याच्या निम्मे मीटर अंतर पुढच्या गाडीपासून ठेवायचे. शंभरच्या वेगाला पन्नास मीटर. आपल्याकडे पन्नास मीटर मोकळे सोडले तर त्यात चार वाहने येऊन बसतील, असे मी हसत म्हणालो. ती हसली नाही.

दुसरा नियम मार्गिकांचा. उजवीकडची मार्गिका चालण्यासाठी, डावीकडची केवळ पुढे जाण्यासाठी. काम झाले की पुन्हा उजवीकडे यायचे. उजव्या बाजूने कोणाला मागे टाकायचे नाही. मी ताशी शंभरच्या वेगाने उजव्या मार्गिकेत मालमोटारींच्या रांगेत नम्रपणे चाललो होतो. डावीकडून दोनशेच्या घरातल्या वेगाने एखादी गाडी सूं करून जाई आणि आमची गाडी किंचित हलल्यासारखी वाटे. आरशात ठिपका दिसला, असे म्हणेपर्यंत तो ठिपका पुढे गेलेला असे. दर काही मैलांवर निळ्या पाटीवर 'आउसफाहर्ट' असे लिहिलेले वाचून सौ. म्हणाली, "हे गाव फारच पसरलेले दिसते." तो शब्द बाहेर पडण्याच्या रस्त्याचा आहे, हे कळल्यावर ती पुढे तासभर काही वाचेना.

हायडेलबर्ग मागे पडले आणि व्हिसलोख नावाच्या गावाची पाटी आली. हे छोटे गाव मोटारीच्या इतिहासात अमर आहे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बेर्था बेंझ ही स्त्री आपल्या दोन मुलांना घेऊन, पती कार्ल बेंझ यांना न सांगता, त्यांनी बनविलेली तीन चाकांची मोटार घेऊन मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्झहाइमला निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. तोवर मोटारीतून एवढा लांबचा प्रवास कोणीही केला नव्हता. वाटेत इंधन संपले तेव्हा व्हिसलोखच्या औषधाच्या दुकानातून तिने डाग काढण्याचे द्रव विकत घेऊन टाकीत ओतले. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. रोधक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. ही हकिगत मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. सौ. शांतपणे म्हणाली, "म्हणजे पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला, आणि तोही माहेरी जायला." एवढे बोलून तिने दशमीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो परत दिला. दोन्ही हात चाकावर असावेत, अशी माझी अवस्था होती.

एव्हाना माझा धीर चेपला होता. मी मधल्या मार्गिकेत आलो होतो. औषधाच्या गुंगीने मुलगी शेजारी डुलकी घेत होती. कार्ल्सरूहच्या अलीकडे पुढच्या गाड्यांचे धोक्याचे दिवे लुकलुकू लागले. वेग साठ, तीस, दहा असा उतरत गेला आणि सर्व वाहतूक जवळजवळ थांबली. तेवढ्यात एक विलक्षण गोष्ट घडू लागली. डाव्या मार्गिकेतल्या गाड्या आणखी डावीकडे, कठड्याला चिकटून सरकू लागल्या. माझ्या पुढची गाडी उजवीकडे सरकली. माझ्या समोर, दोन रांगांच्या मधोमध, एक लांबच लांब मोकळा पट्टा तयार झाला.

आता माझ्या हातांनी काय केले ते सांगतो. मोकळी जागा दिसली, आणि मी गाडी त्या जागेत घातली. विचार केला नाही. विचाराची वेळच आली नाही. चाळीस वर्षे जे केले तेच हातांनी केले. दहा-पंधरा मीटर पुढे गेलो आणि मनात एक क्षुद्र समाधानही वाटले, की हे लोक एवढी जागा उगाच वाया घालवीत आहेत.

मागून भोंगा ऐकू आला. तो वाहनचालकाच्या रागाचा नव्हता, रुग्णवाहिकेचा होता. मुलगी दचकून जागी झाली, मागे वळली आणि ओरडली, "बाबा, उजवीकडे! उजवीकडे घ्या, ही जागा त्यांची आहे!"

उजवीकडे एक अजस्र मालमोटार उभी होती. जायला जागा नव्हती. आरशात निळे दिवे मोठे होत होते. मला घाम फुटला. पाय थरथरू लागला. त्या मालमोटारीच्या चालकाने खिडकीतून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता हा शिव्या देईल. त्याने आपली एवढी मोठी गाडी कडेच्या पट्टीवर नेऊन चार हात मागे-पुढे केली आणि हाताने खूण केली: ये. मी आत शिरलो. आमच्या आरशाला अगदी चाटून रुग्णवाहिका गेली. तिच्यामागे दुसरी. मग अग्निशामक दलाची लाल गाडी. मग तो पट्टा तसाच मोकळा राहिला. कोणी त्यात शिरले नाही, रुग्णवाहिकेच्या मागे लागून पुढे जाण्याची संधी कोणी साधली नाही.

मधल्या त्या वाटेला जर्मन भाषेत 'रेटुंग्सगासे' म्हणतात. रेटुंग म्हणजे बचाव, गासे म्हणजे गल्ली. नियम असा की, महामार्गावर वाहतूक मंदावू लागताच, रुग्णवाहिका येण्याची वाट न पाहता, सर्वांत डावीकडच्या मार्गिकेतील वाहनांनी डावीकडे आणि बाकी सर्वांनी उजवीकडे सरकायचे. मार्गिका दोन असोत की चार, वाट याच ठिकाणी असते. ही शिस्त त्या लोकांच्या रक्तात आहे, असे मात्र कोणी समजू नये. तिथेही लोक हा नियम मोडत होते, म्हणून २०१७ मध्ये दंड वाढवावा लागला. आता तो २०० युरोपासून सुरू होतो आणि महिनाभर गाडी चालविण्यास बंदी येते. महामार्गावरील पुलांवर मोठे फलक लावून लोकांना याची आठवण करून दिली जाते. ही गोष्ट मला नंतर कळली आणि तिने मला जरा दिलासा दिला. शिस्त जन्मजात नसते. ती शिकवावी लागते, पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

आम्ही तिथे चाळीस-पन्नास मिनिटे उभे होतो. लोकांनी इंजिने बंद केली होती. एकही हॉर्न वाजत नव्हता. त्या शांततेत मी मुलीला एक गोष्ट सांगितली. सौ.लाही ती पूर्ण माहीत नव्हती.

१९९४ च्या डिसेंबरात आमच्या वडिलांना, अण्णांना, गावी छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका मिळाली. मिरजेला न्यायचे होते. अण्णांजवळ माझा धाकटा भाऊ बसला आणि पुढे जाऊन डॉक्टरांना वर्दी द्यावी म्हणून मी स्कूटर घेऊन निघालो. वाटेत रेल्वेचे फाटक पडलेले होते. आपल्याकडे फाटक पडले की काय होते, ते वाचकांना ठाऊक आहे. डाव्या बाजूची रांग भरली की लोक उजवी बाजूही भरतात. पलीकडच्या बाजूलाही तेच. फाटक उघडते तेव्हा दोन भिंती समोरासमोर उभ्या असतात. मला घाई होती, वडिलांचा जीव धोक्यात होता. मी स्कूटर उजव्या बाजूने काढून थेट फाटकाला चाक लावून उभी केली. माझ्यामागून आणखी वीस-पंचवीस जण आले. गाडी गेली, फाटक उघडले, आणि कोणालाच हलता येईना. मागे कुठेतरी रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत होता. आत अण्णा होते. त्यांच्या वाटेत जी गर्दी होती, तिच्या सर्वांत पुढे मी होतो.

ती कोंडी सुटायला किती वेळ लागला, ते मी घड्याळात पाहिले नाही. अण्णा तिसऱ्या दिवशी गेले. आधी पोहोचलो असतो तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. लोकांना मात्र मी वर्षानुवर्षे सांगत आलो, "फाटकावर लोकांनी वाट दिली नाही."

मुलगी काही बोलली नाही. तिने डावा हात माझ्या हातावर ठेवला. मागे सौ.ने नातीला मांडीवर घेतले होते. थोड्या वेळाने पुढच्या गाड्यांची इंजिने सुरू झाली. वाहतूक सरकू लागली, आणि अपघाताची जागा आम्ही काहीही न पाहता ओलांडली. रुग्णवाहिका केव्हाच निघून गेल्या होत्या.

पुढचा प्रवास मी अधिक सावधपणे केला. बाझलच्या सीमेवर ४० फ्रँक भरून 'विन्येट' नावाचे शुल्कपत्र घेतले आणि पुढच्या काचेला चिकटविले. ते नसेल तर महामार्गावर २०० फ्रँक दंड होतो. आता ते संगणकावरूनही मिळते. स्वित्झर्लंडमध्ये शिरताच पाट्यांचे रंग बदलतात. जर्मनीत निळी पाटी महामार्गाची, इथे महामार्गाची हिरवी आणि साध्या मोठ्या रस्त्याची निळी. वेगाची कमाल मर्यादा १२०. जूनमधला सूर्य तिथे रात्री नऊनंतर मावळतो. त्यामुळे लुत्सेर्नला सावकाश पोहोचूनही सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आमचा नेम सहज पाळता आला. मी मात्र फारसे जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी गोटहार्डचा बोगदा. १९८० साली खुला झालेला हा रस्त्याचा बोगदा जवळजवळ १७ किलोमीटर लांबीचा आहे. एकाच नळीत समोरासमोरची वाहतूक. दोहोंमध्ये केवळ रंगाची रेघ. वेग ८०. ऑक्टोबर २००१ मध्ये इथे दोन मालमोटारींची टक्कर होऊन आग लागली आणि ११ माणसे दगावली. तेव्हापासून मालमोटारी मोजून आणि अंतर राखून आत सोडतात. जनमत घेऊन मंजूर झालेल्या दुसऱ्या नळीचे काम आता चालू आहे. दिवे, भिंत, पुढच्या गाडीचे तांबडे डोळे, हळूहळू वाढणारा उष्मा. पंधरा मिनिटे मी कोणाशीही बोललो नाही. पुढच्या गाडीपासून अंतर मात्र मोजून ठेवले होते आणि ते भरायला कोणीही आले नाही. अलीकडच्या तोंडाशी ढग आणि रिमझिम होती. पलीकडे ऐरोलोला बाहेर पडलो तर लख्ख ऊन, आणि पाट्यांवर जर्मनऐवजी इटालियन भाषा. 'आउसफाहर्ट'च्या जागी 'उशीता' वाचून सौ. म्हणाली, "शेवटी ते गाव संपले एकदाचे."

परतताना आम्ही बोगदा टाळून वरून, गोटहार्डच्या खिंडीतून आलो. ऐरोलोहून चढणारा 'त्रेमोला' हा जुना रस्ता ग्रॅनाइटचे चौकोनी दगड बसविलेला आहे. चोवीस वळणे एकावर एक रचल्यासारखी. खिंड सुमारे २१०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर. जूनमध्येही रस्त्याकडेला बर्फ साचलेले होते. एका वळणावर वरून येणारी मोटार आम्हांला पाहून थांबली, मागे सरकली आणि चढणाऱ्याला वाट देऊन उभी राहिली. घाटात चढणाऱ्याला प्राधान्य, हा नियम आपल्याकडेही आहे. फोंडा घाटात मी तो किती वेळा पाळला, याचा हिशेब त्या वळणावर मनाशी केला. तो इथे लिहीत नाही.

परदेशी जाऊन गाडी चालविण्याचा प्रसंग वाचकांपैकी कोणावर आलाच, तर काही गोष्टी सांगून ठेवतो. मूळ परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही जवळ ठेवा. विम्यात आपले नाव आहे ना, ते पाहा. गाडीत धोक्याचा त्रिकोण, चकाकणारे जाकीट आणि प्रथमोपचाराची पेटी आहे, याची खात्री करा. जर्मनीच्या महामार्गावर इंधन संपून गाडी थांबली तर तोही अपराध धरला जातो, म्हणून टाकी अर्धी झाली की भरून घ्या. पहिला सराव रविवारी सकाळी रिकाम्या जागेत करा. वाहतूक मंदावू लागली की मोकळी वाट दिसेल. ती आपली नाही, एवढे लक्षात ठेवा.

परत आल्यावर महिनाभराने मिरजेला जाण्याचा प्रसंग आला. वाटेत एक फाटक पडलेले होते. मी डाव्या रांगेत, बाराव्या-तेराव्या गाडीमागे थांबलो आणि उजवी बाजू मोकळी सोडली. मागून एक मोटारसायकल आली, त्या जागेतून पुढे गेली. मग दुसरी. मग एक जीप. मागच्या गाडीने हॉर्न वाजविला. त्याला वाटले, मी पुढे का जात नाही. एका तरुणाने जाताना काच ठोठावून विचारले, "काका, गाडी बंद पडली का?"

"नाही," मी म्हणालो, "रुग्णवाहिकेला जागा ठेवली आहे."

त्याने मागे वळून पाहिले. मागे रुग्णवाहिका नव्हती. तो क्षणभर थांबला, काय वाटले कोण जाणे, मोटारसायकल माझ्या गाडीच्या पुढ्यात डावीकडे घेतली आणि इंजिन बंद केले.